किरणांची पेटी हरवली तेव्हा

आमचे हे तुर्भ्याच्या एका कारखान्यात पाइपांचे जोड तपासायचे. डॉक्टर हाडाचा एक्स-रे काढतो ना, तसा लोखंडाचा. त्यासाठी किरणांची एक जड, शिशाची पेटी असे. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांना तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अशात ती पेटी गोदामातून चोरीला गेली आणि दुसऱ्या दिवशी गेटवर चिठ्ठी सापडली: पेटी फोडून बाजारात विष पसरू.

पोलिसांनी ह्यांना दिवसभर बसवून ठेवलं. मग घरी सोडलं, पण पेटी मिळेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही, असं बजावून. तोवर कोपरखैरण्यातल्या आमच्या बैठ्या घरांच्या रांगेत बोभाटा झालाच होता. हे किरणं अंगावर घेऊन आलेत म्हणे. आता किरणं काय पिठासारखी अंगाला चिकटतात? हे दारातून समजावत राहिले, पण ऐकतंय कोण. मी नळावर गेले की बायका हंडे उचलून मागे सरत. शेजारच्या काकूंकडे माझी वाटी होती. आमच्यात वाटी रिकामी परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. त्यांनी ती राखेनं घासून, रिकामीच, माझ्या उंबऱ्याबाहेर ठेवली. माझं डोकंच फिरलं. त्यांच्या बंद दारापुढे उभी राहून मी नाही नाही ते बोलले.

आणि आत येऊन मी काय केलं? ह्यांचं ताट वेगळं केलं. कपडे वेगळे भिजवले. दोन एवढ्याशा खोल्या, त्यात ह्यांना खिडकीपाशी एक चटई. तीन वर्षांची लेक त्यांच्याकडे धावली की मी तिला दंडाला धरून मागे ओढायचे. एकदा तर तिच्या हातावर फटका मारला.

"अगं, निदान तू तरी," हे म्हणाले.

मी मान खाली घालून तांदूळ निवडत बसले. मला खरंच भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाजही वाटत होती.

आठव्या दिवशी पेटी एका भंगारवाल्याकडे सापडली, कुलूप जसंच्या तसं. चिठ्ठी कुणी लिहिली ते कधीच कळलं नाही. काकू बोलायला आल्या. मी कुठल्या तोंडानं भांडणार होते?

ह्यांनी खाली बसून लेकीपुढे हात पसरले. ती आली, अगदी जवळ आली. पण स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे लपवून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, जा गं, बाबा आहेत. तरी तिचे हात काही पुढे येईनात.