रक्तात न सापडलेला रोग

मावशीच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला, तेव्हा मी रोह्याला शाळेत नोकरीला नुकतीच लागले होते. मावशी पेणच्या खाडीकाठची. उभा जन्म मिठागरात गेला. विधवा झाल्यावर भावाकडे, म्हणजे माझ्या मामाकडेच राहायची. तोंडात झोंबलं की म्हणायची, "मिठाचा हाय गो, दुसरा काय नाय," आणि चट्ट्यावरच मशेरी चोळायची. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड म्हणजे आमच्या बायकांचं दंतमंजनही आणि औषधही.

मी तिला ओढतच पेणला डॉक्टरकडे नेलं. तुकडा काढून तपासावा लागेल, असं तो म्हणाला. झालं, सोबत आलेल्या मामाने दवाखाना डोक्यावर घेतला. "लोखंड लागला का रोग पसरतो. तुकडाबिकडा नाय." डॉक्टर लगेच नरमला. म्हणे आता नवीन तपासणी निघालीय. कॅन्सर असला तर रक्तात एक प्रथिन वाढतं, ते मुंबईला मोजतात, सुई टोचली की काम झालं. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. डॉक्टरला खरंच ठाऊक नव्हतं, की नुसती मामाची कटकट नको होती?

प्रथिन वाढलेलं नाही, असा निकाल आला. मामाने आळीत पेढे वाटले. तरीही तुकडा काढूया, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "शिकलेल्या बायांना रोगच पायजेत." मावशीने पेढा न चावता तसाच गिळला. चावता येतच नव्हतं तिला, आणि ते एकालाही दिसलं नाही.

पावसाळा सरला तेव्हा तिचं तोंड बोटभरही उघडेना. मग मुंबई गाठली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद बाजूला सारला. "सुरुवातीला हे प्रथिन पुष्कळदा वाढतच नाही. यावर विसंबून बसलात?" तुकडा काढला, कॅन्सर निघाला. करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मामाने खिशातून तिची मशेरीची डबी काढून पिंडाशी ठेवली. "जीव होता गो तिचा हिच्यावर."

मी डबी उचलली आणि खाडीत भिरकावली. मामा ओरडला, मीही ओरडले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवायला लावला. मावशीचा जीव घुटमळत राहिला असेल तर राहो. तिच्या तोंडाला मी पुन्हा मशेरी लागू देणार नव्हते.