ळ नसलेले खिळे

कॉव्हेंट्रीतल्या एका छोट्या छापखान्यात मनाशे वाकरुळकर एकोणीसशे त्रेसष्टपासून कंपोझिटर होता. मुंबईत त्याने पंधरा वर्षं मराठी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले होते. इथे लग्नपत्रिका, कारखान्यांच्या नोटिसा, सगळं इंग्रजीत. पण हात इतका साफ, की मालक मिस्टर पार्टन आल्यागेल्याला मुद्दाम त्याच्यापाशी आणून उभं करायचे.

मुंबईहून आलेली बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, मंडळी सणासुदीला लंडनच्या एका हॉलमध्ये जमत. तिथे ऐंशीच्या घरातल्या रूथमावशी मराठी गाणी म्हणत. चाळीस गाणी तोंडपाठ, अक्षर मात्र एक वाचता येत नव्हतं. त्यांच्या सुनांचं उलट होतं. त्यांना वाचता यायचं, पण दुसऱ्या ओळीला गाडी अडायची.

“अहो, मावशींबरोबर ही गाणीही जातील,” मनाशेची बायको लिली एकदा ट्रेनमध्ये म्हणाली. त्या हिवाळ्यात ती दर रविवारी लंडनला गेली आणि वहीत सगळी गाणी उतरवून आली.

वही झाली, पण छापायला खिळे कुठले? एकाहत्तर साली मिस्टर पार्टनना कळलं, की केंब्रिजचा एक जुना छापखाना शिशाऐवजी फिल्मवर छपाई सुरू करतोय आणि संस्कृत पुस्तकांचे खिळे वितळायला भट्टीत जाणार आहेत. दोघं व्हॅन घेऊन गेले. शिशाच्या पेट्या उचलताना मनाशेची पाठ भरून आली, पण चेहरा लग्नघरातल्यासारखा.

सोमवारी त्याने खिळे लाकडी केसच्या खणांत लावले आणि ळचा खण दोनदा मोजला. संस्कृतला फारसा लागत नाही म्हणून ‘ळ’ अवघे तीन! बाळ, वेळ, सकाळ, ओवाळणी. गाण्यात पावलापावलाला ळ. त्याच्या स्वतःच्या आडनावालाच त्यातला एक लागला असता.

“त्याऐवजी एलचाच ल चालणार नाही का?” पार्टननी विचारलं.

“तुमच्या नावातला पी काढून बी घातला तर चालेल?”

पार्टन हसले आणि लाकडावर चित्रं कोरणाऱ्या एका मित्राकडून बॉक्सवुडच्या कठीण लाकडाचे तुकडे घेऊन आले. मनाशेने भिंग डोळ्याला लावून उलटा ळ कोरायला घेतला. पहिले नऊ वाया गेले. दहावा कागदावर उमटला, तेव्हा त्याने कारागिरांना हाका मारून तो दाखवला. कुणाला काही कळलं नाही, टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या. महिनाभरात असे सतरा ळ झाले.

पहिल्या आठ पानांची प्रुफं घेऊन नवराबायको लंडनला गेले. सुना कागद हातात धरून अडखळत का होईना, शेवटपर्यंत गायल्या. रूथमावशींच्या डोळ्यांना धार लागली. पण एका ओळीला त्यांच्या जाऊ सिमामावशींनी गायचं थांबवलं.

“काय झालं, सिमामावशी?” मनाशेने विचारलं.

“आमच्या माहेरी, रेवदंड्याला, ‘दारी आला सोयरा’ म्हणत. तू ‘पाहुणा’ छापलंस. आता शाईत आलं ना, तेच खरं. आमची आई चुकीचं गात होती, असंच ठरणार.”

मनाशे चपापला. आजवर दोघी जावा शेजारी बसून आपापला शब्द गात आल्या होत्या आणि कुणाचं बिघडलं नव्हतं. त्याच्या एका पानाने एकीला खोटं पाडलं होतं.

“अरे, राहू दे. चार दिवसांनी कुणाला आठवतंय?” रूथमावशी म्हणाल्या.

“म्हणूनच राहू देणार नाही, मावशी,” तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने लिलीला पुन्हा वही काढायला लावली. सिमामावशींची गाणीही उतरवून घेतली. जिथे शब्द वेगळा, तिथे खाली बारीक ओळ: ‘रेवदंड्यास असे गातात.’ जुळवलेली पानं मोडून त्याने पुन्हा जुळवली. ळ जुने-नवे मिळून वीसच, म्हणून दोन पानं छापायची, खिळे मोकळे करायचे, मग पुढची दोन. सगळे रविवार त्यात गेले. मधेच एक ळ चिरला, तो नव्याने कोरला.

त्र्याहत्तरच्या वसंतात एकशेवीस प्रती झाल्या. शिवण लिलीने घातली. रूथमावशींनी आपली प्रत उलटी धरली होती. सिमामावशींनीच ती सुलट करून दिली आणि त्यांचं बोट धरून दोन्ही शब्दांवर ठेवलं.

दुसऱ्या वर्षी रूथमावशी गेल्या. पंचाहत्तरात पार्टननीही शिसं मोडीत काढलं आणि मनाशे पन्नाशीत फिल्मची कामं शिकला. पुढे ब्रिस्टलहून एका डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. हिंदू मराठी कुटुंबातल्या त्या शैलाबाईंनी एका रुग्णाच्या उशाशी ते पुस्तक पाहिलं होतं आणि त्यांना एक प्रत हवी होती. प्रती संपल्या होत्या. मनाशेने स्वतःची पाठवून दिली.