मागे बसणारे मिस्त्री

"तुम्ही चालवा. मी पाठी बसतो."

मोटरसायकल दुरुस्तीला आली की मिस्त्री एवढंच म्हणायचे. तुम्हीही पाहिलं असेल, मेकॅनिकच्या हाती गाडी पडली की तो आधी स्वतः एक चक्कर मारून येतो. यांचं उलटं. गमछा कमरेला बांधायचा, मागच्या सीटवर बसायचं, हात मांड्यांवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. बनारसच्या रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी मागे बसणंसुद्धा धाडसाचं काम आहे.

पहिल्यांदा ते माझ्या मागे बसले तेव्हा मैदागिन चौकापाशी गाडी खड्ड्यात गेली आणि माझ्या तोंडून "आई गं!" निघालं. मागून शांत आवाज आला, "गाव कोणतं तुमचं?"

"नागपूर. इथे बँकेत आहे."

"आमचं वाईकडचं. आठ पिढ्या झाल्या इथे येऊन." मग जरा थांबून म्हणाले, "खड्डा तुम्हाला दिसला होता, तरी गेलात. हँडल अडकतंय तुमचं."

डोळे मिटलेल्या माणसाला हे कसं कळलं, याचं मला फार नवल वाटलं. नंतर त्यांनीच सांगितलं की खड्डा दिसला की माणसाची पाठ आधी ताठ होते, गाडी मागाहून आपटते. मागे बसलेल्याला पाठ वाचता आली पाहिजे.

त्यांचं घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. घराण्यात पौरोहित्य. दोन्ही भाऊ घाटावर यजमानांचं पाहायचे. हे मात्र पाठशाळा अर्ध्यावर टाकून पान्यांकडे वळले. "भाऊ यजमान बघतात, मी यजमानांच्या गाड्या बघतो," असं म्हणायचे. त्यांची मराठी घरात जपलेली, आणि हिंदीशी तिची चांगली दोस्ती होती. "आराम से बसा", "जल्दी कशाची आहे?" असं चालायचं. साठी उलटली तरी त्यांनी महाराष्ट्र पाहिला नव्हता. कुणी विचारलं तर "जाईन ना कधी" म्हणायचे आणि पुन्हा पाना उचलायचे.

माझी गाडी पंधरा वर्षांची होती. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली, पुढे मोठी काच, मागे भलाथोरला डबा. निवृत्त झाल्यावर मी आणि बायकोनं या गाडीवरून नागपूरला घरी जायचं, असा आमचा अकरा वर्षांचा बेत होता. दर दिवाळीला आम्ही फराळ खात नकाशा उघडून बसायचो. मुक्काम कुठे करायचे, चहा कुठे घ्यायचा, सगळं ठरलेलं.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना रामनगरकडच्या पुलावर वाऱ्यानं आम्हाला गाठलं. गंगेवरून आडवा झोत आला, त्याच वेळी शेजारून ट्रक गेला, आणि गाडी हातभर बाजूला सरकून डोलायला लागली. कसाबसा पूल ओलांडला. बायको उतरली, तिनं रिक्षा केली आणि ती घरी गेली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही या गाडीनं. मी ट्रेननं येईन." भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. अकरा वर्षांचा बेत एका वाक्यात मोडला होता आणि खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

मिस्त्रींना मी सगळं सांगितलं. त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "वहिनींना आणा."

"अहो, गाडी मी चालवतो."

"पण मार त्यांना बसला. तुम्ही तर हँडलला लटकला होतात, तुम्हाला काय विचारू?"

बायको नाखुशीनंच आली. मिस्त्रींनी तिला स्टूल दिलं, मातीच्या कुल्हडमधून चहा दिला. 'घाबरलात का' हे काही त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "झटका कुठे लागला, वहिनी? कमरेत की मानेत?"

हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, मीही नाही. ती विचार करून म्हणाली, "आधी पाठीत. कुणी मागचा डबा धरून ढकलावा तसं. मग कंबर हलतच राहिली."

मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "बघा साहेब! अर्धं काम वहिनींनी करून टाकलं."

मग त्यांनी आम्हा दोघांना सामानासकट गाडीवर बसवलं आणि शिंप्याची टेप घेऊन गाडी मागे किती दबते ते मोजलं. मागचे शॉकर थकले होते. गाडी मागे बसायची आणि पुढचं चाक हलकं पडायचं. नवे, कडक स्प्रिंग आले. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश झिजले होते, ते बदलले. हँडलची बेअरिंग बदलली. पुढच्या शॉकरमधलं काळंकुट्ट तेल काढलं. मागचा डबा चार बोटं पुढे आणि जमेल तेवढा खाली आणला. आठवडाभर हे चाललं होतं आणि मी रोज बँकेतून सुटलो की तिथे जाऊन उभा राहायचो.

आठवड्यानंतर ते म्हणाले, "गाडी झाली. आता तुमचं काम करू."

माझं काम म्हणजे काय, तर त्यांनी हँडलच्या दोन्ही मुठींवर एकेक विड्याचं पान ठेवलं आणि वर माझे तळवे ठेवायला लावले. पुलावरून जाऊन यायचं, पान चुरगळता कामा नये. पहिल्या दिवशी दोन्ही पानांची चटणी झाली होती. "हवा आली की गाडी हलणारच, साहेब. हलू द्या तिला. ती आपली आपण सरळ होते. तुम्ही आवळून धरता म्हणून ती डोलत राहते." चौथ्या दिवशी पानं शाबूत परत आली. मिस्त्रींनी ती धुतली, चुना-कात लावला, एक स्वतः खाल्लं आणि एक मला दिलं. बँकेत मला बढत्या मिळाल्या, पण इतका आनंद एकीचाही झाला नव्हता.

खरी परीक्षा बायकोची होती. मिस्त्री तिला म्हणाले, "वहिनी, तुम्ही नाही म्हणालात तर गाडी मी देणार नाही." भर दुपारी, वारा असताना आम्ही पूल ओलांडून परत आलो. मला गाडी लोण्यासारखी वाटली. बायको म्हणाली, "मान अजून हलते."

"अगं, आता कुठे हलते?" मी म्हणालो.

"तुम्ही चूप बसा," मिस्त्री मला म्हणाले. काचेवरून उसळलेली हवा मागच्याच्या मानेवर आपटते, असं म्हणत त्यांनी गाडी आत घेतली आणि पुढची मोठी काच वरून तीन बोटं कापली. त्या काचेचा मला केवढा अभिमान! पण बोलायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूल. टोकाला आल्यावर तिनं विचारलं, "पहिला मुक्काम रीव्याला म्हणाला होतात ना?"

होळीनंतर आम्ही निघालो. आम्ही संकठा घाटाजवळ राहायचो. काशीहून घरी जाणाऱ्याच्या हाती शेजारीपाजारी गंगेचा गडू देतात, हे तुम्हाला सांगायला नको. कुणाची बहीण अमरावतीला, कुणाचे व्याही वर्ध्याला. नाही कुणाला म्हणायचं? बारा गडू जमले. बाजूच्या पिशव्यांत ठेवावेत तर ते पायाशी येणार. गंगा पायाशी कशी ठेवायची? म्हणून आम्ही भक्तिभावानं सगळे मागच्या डब्यात, सर्वांत उंच रचले.

निघताना चाकांतली हवा बघायला मिस्त्रींकडे थांबलो. त्यांनी लांबूनच गाडी कशी बसलीय ते पाहिलं आणि डबा उघडला. त्यांना रागावलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

"जिथून हवा ढकलते तिथेच वजन भरलंत? वहिनींच्या पाठीमागे?"

"गंगाजल आहे हो."

"माहीत आहे मला गंगाजल! पुरोहिताच्या घरचा आहे मी. तुम्ही दोघं आणि तुमचं सामान एवढ्याचा अंदाज मी बांधलाय. त्याच्या वर एक गडू चालणार नाही." त्यांनी एकेक गडू हातानं काढून बाकावर मांडला. "माझा भाचा रेल्वेत आहे. तो आणून देईल. तुम्ही निघा, ऊन वाढतंय."

आम्ही चार दिवसांत नागपूरला पोचलो. दोघं, गाडीनं. महिन्याभरात भाचा गडू घेऊन आला. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी होती. मोजले तर तेरा. एकावर चिठ्ठी नव्हती. मी फोन केला.

"तो आमचा आहे, घरी कधीचा भरून ठेवलेला," मिस्त्री जरा संकोचानं म्हणाले. "गावात आता आमचं कुणी नाही. कधी तिकडे गेलात तर कृष्णेत ओता. घाई नाही."

म्हणजे हा माणूस त्या सकाळी आमचे बारा गडू उतरवत होता तेव्हा त्याच्याही घरी एक गडू होता, आणि त्यानं अवाक्षर काढलं नाही. हे लक्षात आलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. बायको म्हणाली, "हा आपण पोचवायचा. गाडीनं."

दिवाळीनंतर पोचवला. त्याच्या पुढच्या श्रावणात मिस्त्री गेले. थोडं दुखणं काढलं आणि गेले, असं त्यांच्या मुलीनं कळवलं. त्या दिवशी मी गाडी बाहेर काढली नाही, काही केलंच नाही. त्यांना महाराष्ट्र बघायला मिळाला नाही, याची चुटपुट मला अजून आहे.

पण गडू पोचवला त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. वाईच्या अलीकडे, त्यांनी सांगितलेल्या गावी आम्ही कृष्णेच्या पायऱ्यांवर उभे होतो. मी फोन लावला. वाटलं, ते गावाबद्दल विचारतील. नदीला पाणी आहे का, देऊळ उभं आहे का.

ते म्हणाले, "वहिनींना द्या जरा फोन."

बायकोनं फोन घेऊन स्पीकर लावला.

"घाटात हवा होती ना, वहिनी? कसं वाटलं पाठी?"

"खरं सांगू का," ती माझ्याकडे चोरून बघत म्हणाली, "खंबाटकीच्या घाटात मला डुलकी लागली होती."

मला हे तिथेच कळलं.

मग मिस्त्रींचा आवाज आला, अगदी हळू. "झोपलात? आता ओता."