कोपऱ्यातलं मशीन

सकाळी लॅबचं कुलूप निघालं की नवलभाऊ आधी पंखे लावत नसत, खिडक्याही उघडत नसत. ते एकेका कॉम्प्युटरसमोर उभे राहत, पडद्यावर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडत आणि त्याला तारीख विचारत. बसून नाही, उभ्यानंच, एका बोटानं टाइप करून. रात्री वीज गेलेली असली की जुन्या मशीनमधल्या गुंडीएवढ्या सेलला दम उरत नसे, आणि एखादं मशीन फार वर्षांमागची तारीख बिनदिक्कत सांगून मोकळं होई. नवलभाऊ ती दुरुस्त करत. "हा गडी अजून नोटाबंदीच्या आधीच बसलाय," असं काहीतरी पुटपुटत आणि पुढच्याकडे वळत.

सबीहा धुळ्याहून भडगावच्या या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला आली, तेव्हा तिला या सवयीचं हसू आलं होतं. पुढे ती स्वतःच दारात थांबून ऐकू लागली, आज कोण किती मागे राहिलंय ते.

नवलभाऊंची मूळ नोकरी केमिस्ट्रीच्या लॅबमधली. ब्युरेट धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि तास सुरू व्हायच्या आत प्रत्येक टेबलावरची प्रत्येक बाटली भरून ठेवायची. ॲसिडसाठी एकाही पोराला जागेवरून उठावं लागता कामा नये. कारण उठला की तो दुसऱ्याच्या टेबलापाशी थांबतो, थांबला की हात लागतो आणि हात लागला की सांडतं. हे त्यांचं शास्त्र होतं. केमिस्ट्रीला मुलं येईनाशी झाली, कॉम्प्युटरला येऊ लागली, तसं कॉलेजनं त्यांना जिन्यावरच्या या खोलीत पाठवलं. मनगटावरचा ॲसिडचा पांढुरका डाग तेवढा त्यांच्यासोबत वर आला.

या खोलीतली सगळी मशीन विंडोजवर चालत. ऑफिसला शिष्यवृत्तीचे फॉर्म इथेच भरायचे असत, टायपिंगचा वर्गही इथेच भरे, त्यामुळे विंडोज काढायची सोय नव्हती. बी.एस्सी.च्या मुलांचं प्रॅक्टिकल मात्र युनिक्सचं. यावर तोड म्हणून सिग्विन नावाचं एक सॉफ्टवेअर घातलेलं होतं. विंडोजच्या घरातच युनिक्सची एक खोली मांडून देणारं. सबीहानं नाताळच्या सुट्टीत त्याची जुनी आवृत्ती काढली आणि नवी घातली, सगळ्या मशीनवर, स्वतःच्या हातानं. सुट्टी संपून मुलं परतली आणि त्या खोलीत काहीतरी बिनसलं.

बिनसलं तेही मोठ्या चमत्कारिक तऱ्हेनं. सॉफ्टवेअरसोबत आलेल्या तयार आज्ञा सगळ्या सुरळीत चालत. फाइली दाखव म्हटलं की दाखवत, ओळी मोज म्हटलं की मोजत. पण मुलांनी स्वतः लिहून बनवलेला प्रोग्रॅम चालवला, आणि त्यात एका प्रोसेसनं, म्हणजे चालू असलेल्या कामानं, दुसरी जन्माला घालायची असली, की तो तिथेच मान टाके. पडद्यावर दोन-तीन ओळींची तक्रार उमटे आणि संपलं. परीक्षेतला मुख्य प्रश्न नेमका तोच.

"आई आहे, पण मूल जन्मतच नाही," सबीहा वैतागून म्हणाली.

"सगळ्याच एकदम अडल्या म्हणजे दोष सुईणीचा," नवलभाऊ म्हणाले.

"सुईण मीच आहे, नवलभाऊ."

"म्हणून तर हळू बोललो."

प्राचार्यांनी तिला शनिवारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर मशीन सुधारली नाहीत तर अख्खी बॅच प्रॅक्टिकलसाठी जळगावच्या केंद्रावर जाणार. बाकीच्यांना ते जडच गेलं असतं, पण गेलं असतं. समीक्षाचं तसं नव्हतं. ती तिसऱ्या वर्षाला होती आणि तिचं बाळ तीन महिन्यांचं. तिची सासू द्रौपदाबाई बाळाला घेऊन कॉलेजच्या आवारात कडुनिंबाच्या पारावर बसे. तास संपला की समीक्षा खाली धावे.

"जळगाव म्हणजे सकाळची एसटी धरायची आणि अंधार पडल्यावर परत," ती सबीहाला म्हणाली. "बाळ माझ्याशिवाय कशालाच तोंड लावत नाही, मॅडम. मग मी पुढच्या वर्षी देईन." दुसऱ्याच कुणाच्या परीक्षेबद्दल सांगावं, तशा आवाजात तिनं हे सांगितलं. पुढच्या वर्षाचं खरं काय होतं, ते दोघींनाही ठाऊक होतं.

खाली पारावर द्रौपदाबाईनं नवलभाऊंना अडवलं. "भाऊ, बठ्ठा मशीन बिमार शेतस म्हने?"

"सगळीच, अक्का. डॉक्टरीन बाई बघी ऱ्हायनी."

डॉक्टरीन बाईंनी सगळं करून पाहिलं होतं. व्हायरसविरोधी सॉफ्टवेअर बंद केलं. पुष्कळदा तेच असं मध्ये पाय घालतं. पुन्हा सुरू केलं. प्रोग्रॅमना चालताना लागणाऱ्या सिग्विनच्या मदतफाइलींची मेमरीतली जागा नव्यानं लावून देणारी एक आज्ञा असते, तीही चालवली. एका मशीनवरचं सगळं काढून पहिल्यापासून घातलं. तक्रार अक्षरशः तीच. एव्हाना सबीहाची चिडचिड संपून कुतूहल उरलं होतं. काळजी होती, पण तिच्या तळाशी तिला आता खरोखर जाणून घ्यायचं होतं, की हे होतं तरी कसं.

शुक्रवारी दुपारी नवलभाऊ समीक्षाचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन एकेका मशीनवर चालवून बघत होते.

"मॅडम, कोपऱ्यातलं चालतंय."

"चालतंय म्हणजे?"

"बाळंतपण झालं. आई, मूल दोन्ही सुखरूप."

सबीहा उठून गेली. खरंच, पडद्यावर दोन ओळी होत्या, एक आईची, एक मुलाची, प्रत्येकीपुढे आपापला क्रमांक. तिनं पुन्हा चालवलं. पुन्हा दोन ओळी.

"या मशीनचं वेगळं काय आहे?"

"त्याची खुर्ची मोडकी आहे."

"नवलभाऊ."

"बरं. डिस्क नवीन आहे त्याची. दिवाळीत व्होल्टेज वाढलं तेव्हा जुनी उडाली. मी तेव्हा लेकीकडे होतो, धुळ्याला. दुसऱ्या कुणीतरी बसवली."

म्हणजे प्रोग्रॅम निर्दोष होता. नवी आवृत्तीही निर्दोष, कारण ती इथेही होती. जुन्या डिस्कांवरच काहीतरी होतं, नव्या डिस्कवर नसलेलं. सबीहा दाराजवळच्या मशीनपाशी आली आणि तिला सुचलं म्हणून तिनं समीक्षाचा प्रोग्रॅम उचलून सिग्विनच्या स्वतःच्या फोल्डरात नेऊन ठेवला, जिथे त्याच्या तयार आज्ञा राहतात. तिथून चालवला. चालला. तिनं तो परत समीक्षाच्या फोल्डरात आणला. मेला.

नवलभाऊ तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. "माहेरी ठेवला की जगतो," ते म्हणाले.

"माहेरी त्याला लागतं ते शेजारीच मिळतं," सबीहा स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "बाहेर आला की कुणाकडे तरी मागतो. पण कुणाकडे?"

असल्या प्रश्नाला उत्तर देणारी एक आज्ञा असते: अमुक प्रोग्रॅम चालताना कोणकोणत्या मदतफाइली उचलतो आणि कुठून, ते ती ओळीनं सांगते. सबीहानं ती चालवली. ओळी उतरत गेल्या. सिग्विनची मुख्य मदतफाइल, जिच्याविना त्यातलं काहीच हलत नाही, ती सिग्विनच्या फोल्डरातून यायला हवी होती. येत होती विंडोजच्या सिस्टीम फोल्डरातून. नाव तेच, तारीख मात्र फार जुनी. प्रोग्रॅमच्या शेजारी फाइल नसली की विंडोज आधी स्वतःच्या त्या फोल्डरात बघतं. तिथे ही जुनी आयती बसलेली. युनिक्सची खोली नव्या फाइलीवर चालायची, मुलांचा प्रोग्रॅम जुन्या फाइलीवर, आणि दोघांची गाठ पडली की भांडण.

"ही इथे कशी आली?" सबीहा म्हणाली.

नवलभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याशी वाकले, आणि ती ओळ दोनदा वाचली.

"ही मी ठेवलीय."

"तुम्ही?"

"सगळ्यांवर. चार-पाच वर्षं झाली असतील. पोरं आपला प्रोग्रॅम डेस्कटॉपवरून उघडायची आणि विंडोज म्हणायचं, ही फाइल सापडत नाही. मग एकेक जण उठून मागायला यायचा. म्हटलं, प्रत्येक टेबलावर भरूनच ठेवू."

सबीहा त्यांच्याकडे बघत राहिली. रागावायचं तिच्या लक्षातच आलं नाही. दिवाळीत ते धुळ्याला होते, म्हणून कोपऱ्यातलं टेबल तेवढं भरायचं राहिलं होतं.

"म्हणजे जुनं द्रावण आणि नवं द्रावण एकाच नळीत?" त्यांनी विचारलं. आवाजात खंत होती की नाही, कळलं नाही. उत्सुकता मात्र होती.

"तसंच म्हणा."

"मग धूर तरी निघायला पाहिजे होता." मग म्हणाले, "पुसू नका हं एकदम. आधी नुसतं नाव बदलून बघू. एकदम ओतून द्यायचं नसतं."

त्यांनी नाव बदललं. प्रोग्रॅम चालवला. दोन ओळी उमटल्या.

"मग पोरांनी परत डेस्कटॉपवरून उघडलं तर?" नवलभाऊंचं समाधान झालं नव्हतं. "परत उठतील."

"नाही उठणार. बाटली प्रत्येक टेबलावर कशाला? कपाट कुठे आहे ते विंडोजला सांगून ठेवू. लागलं की तिथून घेईल." विंडोज फाइली जिथे जिथे शोधतं त्या जागांच्या यादीत सिग्विनच्या फोल्डराचा पत्ता कसा घालायचा ते तिनं दाखवलं, आणि पुढच्या प्रत्येक मशीनवर तो नवलभाऊंनी घातला, एका बोटानं. "एकच कपाट," ते मध्येच म्हणाले. "केमिस्ट्रीत हे चाललं नसतं." शनिवारी सकाळी सबीहानं प्राचार्यांना कळवलं, केंद्र इथेच ठेवा.

प्रॅक्टिकलच्या दिवशी जळगावहून आलेल्या परीक्षकांनी चहा घेतला, दोन-तीन पडदे पाहिले आणि काही विशेष विचारलं नाही. नवलभाऊंनी समीक्षाला दाराजवळची जागा दिली. मधल्या वेळात ती जिना उतरून पारावर गेली, बाळाला पाजून आली, पदर सारखा करत तोंडी परीक्षेला बसली. तिच्या पडद्यावरच्या दोन ओळी परीक्षकांनी पाहिल्या आणि खूण केली.

दुसऱ्या दिवसापासून नवलभाऊ शिल्लक रजेवर गेले, आणि रजेतच निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम जूनमध्ये करू, असं ठरलं आणि राहिलं. ते धुळ्याला लेकीकडे राहायला गेले होते. श्रावणात तिथेच त्यांचं हृदय थांबलं. बातमी कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तिच्याखाली हात जोडलेली चित्रं ओळीनं येत राहिली. सबीहा बराच वेळ फोन हातात धरून आठवत बसली, की आपल्याशी ते शेवटचं काय बोलले होते.

प्रॅक्टिकलची ती संध्याकाळ होती. मुलं पांगली होती, समीक्षा आपल्या जर्नलच्या पानांना दोरा बांधत मागे राहिली होती. सबीहा मशीन बंद करत होती. नवलभाऊंनी चपला घातल्या होत्या, पिशवी खांद्याला होती. ते दारातून मागे वळले.

"मॅडम, तिला म्हणा, घाई करू नको. रिक्षा गेटपाशी थांबवलीय मी, सासूबाई आत बसल्यात."