अठराव्या फोटोनंतर

थू! त्या देवेशचं नाव निघालं की तोंड कडू व्हतं माझं. माझं स्वतःचं नाव निघालं तरी आता तसंच व्हतं, पण ते मागाहून सांगतो.

मी कडुबा. सिटी चौकात रहीमभाईचा फोटो स्टुडिओ व्हता. तिथं तीस वर्षं मी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली, लोकांच्या तोंडावरचे व्रण आणि पुटकुळ्या घालवल्या. स्टुडिओ कवाच बंद झाला. रहीमभाई आता बुढीलेनमधल्या घरी न्हाणीच्या दाराला काळं कापड लावून रोल धुतो. शहरातल्या पोरांना मधीच रोलच्या कॅमेऱ्याचं याड लागलंय, म्हणून त्याच्याकडं गिऱ्हाईक येतं. गळ्यात कॅमेरा, अंगात माज आन् डोक्यात भुसा!

रहीमभाईची एक सवय लई जुनी. कॅमेऱ्यात रोल भरला की खोक्याचा तुकडा फाडून शर्टाच्या खिशात ठेवायचा. त्यावर रोलचा आकडा असतो. शंभरचा रोल म्हणजे मंद, त्याला भरपूर उजेड लागतो. आठशेचा रोल थोडक्या उजेडात भागवतो. कॅमेऱ्यावरची चकती त्याच आकड्यावर ठेवायची. चकती फिरवली म्हणून आतला रोल बदलत नाय. डब्यावर साखर लिहिलं म्हणून मीठ गोड व्हतं का?

ही सवय त्याला लागली ती अमिनाभाभीमुळं. लग्नाला आठ दिवस झाले व्हते. भाभी निळ्या ओढणीत बसली, यानं फोटो काढला. आत रोल शंभरचा आन् चकती आदल्या कामाच्या चारशेवर तशीच. फोटो आला काळाकुट्ट! नणंदा खिदळल्या, "भाभी दिसतच नाही!" भाभीनं तो फोटो चुलीत घातला म्हणे, आन् शपथ घेतली की परत कॅमेऱ्यासमोर बसायची नाय. चाळीस वर्षं बसली नाय. सगळ्या शहराचे फोटो काढणाऱ्याच्या घरात बायकोचा एक फोटो नाय, हे रहीमभाईला लई लागायचं.

त्यातलाच हा देवेश, वाळूजच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो. त्याला म्हणे जुन्या कारागिरांचं प्रदर्शन लावायचं व्हतं. मला म्हणाला, "कडुबाकाका, तुमच्या पेन्सिलीचं काम मी भिंतभर लावणार, खाली तुमचं नाव." मी पाघळलो. उभ्या जन्मात माझं नाव कुणी कुठं लावलं व्हतं?

त्यानं भाभीला गोड बोलून फोटोला राजी केलं. भाभी म्हणाली, "एकच काढायचा. दुसरा नाही."

रहीमभाईनं त्याला बजावलं, "रोल शंभरचा आहे. अंगणात शंभरवरच काढ. आत अंधार आहे, चकती आठशेवर न्यावीच लागली तर आधी भिंगावर हात धरून दोन फोटो कोरे जाऊ दे आणि कितव्या फोटोनंतर ते लक्षात ठेव. मी अंधारात त्या कोऱ्या जागेत रोल कापीन. घरातल्या फोटोंचा तुकडा धुण्याच्या मसाल्यात जास्त वेळ ठेवला की फोटो वाचतो."

"हो अंकल, माहितीये मला," देवेश म्हणाला.

माहितीये म्हणे, डोंबलाचं!

त्यानं अंगणात फटाफट फोटो काढले. मग सैपाकघराच्या दारात आला. मी समोरच पाटावर चहा घेत बसलो व्हतो. त्यानं चकती फिरवली आन् लगेच भाभीवर कॅमेरा रोखला. भिंगावर हात नाय, कोरा फोटो नाय, काय नाय. भाभी पदर सावरून हसली. खटक! मी सगळं पाहिलं.

रोल द्यायला आला तवा रहीमभाईनं विचारलं, "कोरे कितव्यानंतर सोडले?"

"अठराव्यानंतर. पक्कं."

आकडा खरा असंल, पर कोरे कुठले? खोटं बोलला भाड्या, तोंडावरची माशी हलली नाय! आन् मी? जिभेवर आलं व्हतं. पर वाटलं, हा चिडला तर माझी भिंत गेली. मी बशीत तोंड घातलं.

रहीमभाई काळ्या कापडाआड गेला. बोटांनी मापून अठरा फोटो सोडले, पुढं कोऱ्या जागेच्या भरवशावर कात्री चालवली. ती कात्री भाभीच्या तोंडावरून गेली. एक अर्धं आठशेच्या हिशेबानं धुतलं गेलं, दुसरं शंभरच्या. दोन्ही तुकडे जोडून त्यानं फोटो छापला. एका बाजूला हसणारा डोळा आन् नथ, दुसऱ्या बाजूला नुसता काळोख.

देवेशनं फोटो पाहिला आन् म्हणतो कसा, "अंकल, भारी आलाय! लोकांना असंच आवडतं. हाच लावू." मला किळस आली. रहीमभाई एकच शब्द बोलला, "निघ."

तो गेल्यावर भाभीनं फोटो हातात घेतला. आत जाऊन पेटी उघडली आन् एक काळा कागद आणून आमच्यासमोर ठेवला. चाळीस वर्षांपूर्वीचा तो फोटो, चुलीत घातला म्हणायची तो.

"यात काही दिसत नाही," ती म्हणाली, "पण मी आख्खी तरी आहे."

रहीमभाईनं तोंड फिरवलं. भाभी माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाय तिनं.

"कडुबाभाऊ, तुम्ही तर समोरच बसले होते ना?"

तवा कुठं रहीमभाईनं माझ्याकडं पाहिलं. मी उठलो आन् दारात चपला शोधायला लागलो. चपला पायाशीच व्हत्या.