मोहरेचा जोड

निपाणीजवळच्या आमच्या गावात सरकारी मदतीनं चपलांचं काम सुरू झालं, तेव्हा सगळे कागद माझ्या नावावर झाले. चार घरांत सातवीपर्यंत शिकलेली मी एकटी, एवढंच माझं कर्तृत्व. सरकार कातडं देणार, चपला परदेशी जाणार. त्याबदली नियम. एक तर मला पाठच होता: मंजूर झालेला नमुन्याचा जोड जसाच्या तसा जपायचा, सगळा माल त्याच्याशी जुळला पाहिजे. त्यात ढवळाढवळ दिसली की नाव रद्द, कातडं परत. तो जोड माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, केला होता. त्यांच्यासारखी चपलेच्या पट्ट्यावर कातड्याची वेणी घालणारं आमच्यात दुसरं कुणी नव्हतं. सरकारी लाखेची मोहर अडकवलेला जोड मी ट्रंकेत ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली.

पावसाळ्यात ट्रंक उघडली तर जोडावर पांढरी बुरशी. चपलेला बुरशी धरली की आम्ही जे करतो तेच मी केलं. फडक्यानं पुसून एरंडेल चोळलं. मोहरेला धक्का लागला नाही, म्हणून वर स्वतःचं कौतुकही केलं.

माल तपासायला बेळगावहून साहेब आले. त्यांनी नमुना तयार चपलांशेजारी ठेवला. माल पिवळसर, नमुना काळपट. माझ्या शहाणपणानं चार घरांचं काम जाणार होतं.

"याला तेल कुणी लावलं?"

माझा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"मी लावलं, सायेब," आत्या पुढं आल्या. "हिला म्हायती न्हाय. मला लिवाय-वाचाय येत न्हाय, चूक झाली."

साहेबांनी जबाब लिहून त्यांचा अंगठा घेतला. नमुन्याच्या तेल न लागलेल्या तळव्याशी रंग ताडून माल पास केला. पण ही बाई पुन्हा कामावर दिसली तर मदत बंद, असं बजावून गेले.

"आत्या, तेल मी लावलंतं," मी रडत म्हणाले.

"ठावं हाय. तुझं नाव गेलं असतं तर समद्यांचं गेलं असतं गं."

दुसऱ्या दिवशी सवयीनं त्या वेणी घालायला बसल्या. बाहेर मोटार थांबल्यासारखी वाटली. मी धावत जाऊन त्यांच्या हातातली कातड्याची वादी काढून घेतली.