आई नावाचे दोन व्हिडिओ

माझ्या आईचा एकच व्हिडिओ होता, भाकरी थापतानाचा. आई आता नाही. लेकीनं माझाही एक काढला आणि त्यालाही नाव दिलं, ‘आई’. तो त्याच हार्ड डिस्कवर ठेवताना कॉम्प्युटरनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही. मी हो दाबलं. माझी आई पुसली गेली आणि तिच्या जागी मी येऊन बसले.

सदाशिव पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी डिस्क कानाशी धरली आणि डोळे मिटून ऐकली.

“हो का दाबलंत?”

“त्यानं विचारलं म्हणून.”

“अहो, यंत्राला नाही म्हटलं तर ते रुसत नाही. नंतर यात आणखी काही भरलंत?”

मी नकारार्थी मान हलवली. “मग आशा आहे,” म्हणाले आणि एका चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून कामाला लागले. तासभर काम चाललं. मी पदराचं टोक पिळत बसले.

एकदम आईचा आवाज आला, “बंद कर गं ते, भाकरी करपेल!”

मी रडता रडता हसले. तेही हसले, पण लगेच गंभीर झाले.

“हिचं नाव बदलतो. ‘आजी’ लिहू?”

“नाही,” मी म्हणाले. “ती आईच. माझं बदला.”

त्यांनी दोन्ही चष्मे काढून माझ्याकडे पाहिलं. “शिकलात की!”

आनंदात घरी आले. त्यांचं नाव विचारायला मात्र लाजलेच.